डाव्या बाजूची घरघर

कपाटात त्या दुपारी एकंदर अकरा वस्तू होत्या : आवाज घुमू नये म्हणून टांगलेले सहा जाड कोट, भिंतीला टेकवलेली एक गादी, दोन माइक, एक पातेलं आणि त्या पातेल्याचं जाड स्टीलचं झाकण. माणसं दोन. ताई आणि तिच्याच हातावर वाढलेला तिचा धाकटा भाऊ.

भाऊ गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढायचा, म्हणून सगळे त्याला ठोक्या म्हणत. आईवडील एकाच अपघातात गेले तेव्हा तो इतका लहान होता, की ताईने पदार्थविज्ञानाची पदवी अर्ध्यावर सोडली, शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याचं काम धरलं आणि स्वतःच्या संसाराचा विचार मनाच्या तळाशी कायमचा मिटून ठेवला. आता दर रविवारी दोघं भिंतीतल्या त्या कपाटात शिरून पॉडकास्ट करत. नाव ‘भांड्याला भांडं’. स्वयंपाकघरातली भांडी एकमेकांवर चालून जायची, एकमेकांची हाडं मोडायची, मुंडकी उडवायची! ताई सगळ्यांचे आवाज काढायची, ठोक्या आदळआपट करायचा, आणि ऐकणारे पोट धरून हसायचे.

त्या दुपारी ताई लिहिलेलं सोडून झाकणाच्या आवाजात म्हणाली, “आमच्या पातेल्याचं असंच आहे हो! हात आधी पोचतो, डोकं मागून येतं... मालगाडीनं!”

कपाटाबाहेर आपल्या मुलीची, छकुलीची, वेणी घालत बसलेली ठोक्याची बायको खळखळून हसली.

टोमणा आपल्यालाच आहे हे ठोक्याने ओळखलं आणि ते हसू त्याच्या मस्तकात गेलं. त्याच्या हातात झाकण होतं. ते कधी उचललं गेलं हे त्यालाही कळलं नाही; ते उतरलं तेव्हा ताईच्या डाव्या कानावर उतरलं. खण्ण!

ताईच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडात रक्ताची खारट चव आली... आणि त्याच क्षणी बाहेरचं हसू थांबलं. ताईला भावजयीची ताकीद आठवली. मागच्या वर्षी याच हातानं बायकोचा ओठ फाडला होता, आणि तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, “यापुढे या घरात कुणावरही हात उचललास, तर मुलीला घेऊन जाईन.” ती बोलल्याप्रमाणे वागणारी होती.

ताईने कोट घट्ट धरला, रक्त गिळलं आणि पातेल्याच्या आवाजात किंचाळली, “अगं आई गं! नवा पोचा! कालच तर जुना काढला होता!”

बाहेर पुन्हा हसू फुटलं.

“ताई... लागलं?” ठोक्या कुजबुजला.

“नाही रे राजा. खांद्यावर आलं. चल, पुढची आदळआपट घे.”

तो फटका तिने भागात तसाच ठेवला. काढला असता तर भावजयीने विचारलं असतं, तो खण्ण कुठे गेला? लोक त्या आवाजावर खुळे झाले. ‘असा खरा आवाज कसा काढता हो?’ असं विचारू लागले. कानशिलावरची सूज भावजयीला दिसली, तेव्हा ताई म्हणाली, “कपाटाचं दार गं. आता त्यालाही पॉडकास्टमध्ये घ्यावं म्हणते.” डाव्या बाजूनं तिला कुणाचीच हाक येईनाशी झाली. छकुली डावीकडून येऊन गळ्यात पडली की ती दचकायची, आणि दचकणं लपवायला आणखी मोठ्यानं हसायची...

पुढचा भाग तिने नेहमीप्रमाणे दोन्ही कानांत इअरफोन घालून तपासला, ठीक आहे म्हणाली आणि प्रसारित केला.

दुसऱ्या दिवशी ठोक्या गॅरेजमधून आला तो दार लाथेनं उघडूनच. स्टूल भिंतीवर आदळलं, पाण्याचा जग फुटला. “गॅरेजमध्ये हसतायत मला! अख्ख्या भागात डाव्या बाजूला घरघर, नुसती चक्की! तार सैल होती माइकची. लहान पोरालाही ऐकू आली असती, तुला आली नाही? कान फुटले का तुझे?”

“बारीक असेल रे...”

“बारीक? हे ऐक!” त्याने तिचं मनगट पिरगळून तिला खुर्चीवर बसवलं आणि एक इअरफोन तिच्या डाव्या कानात खुपसला. “आली? आली का घरघर?”

“आली,” ताई त्याच्या चेहऱ्याकडे पाहत म्हणाली. “चुकलं माझं. मोठी आहे.”

ठोक्याचा हात हवेतच थांबला. त्याने फोनकडे पाहिलं. त्याने अजून काही सुरूच केलं नव्हतं.

एका तळहातानं त्याने तिचा उजवा कान घट्ट झाकला. दुसऱ्या हाताचं बोट फोनवर टेकवलं, आवाज शेवटपर्यंत वाढवला. दारात उभ्या असलेल्या बायकोलाही ती घरघर स्पष्ट ऐकू आली. ताईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“खांद्यावर आलं होतं ना?” त्याचा आवाज चिरकला. “ताई... खांद्यावर आलं होतं ना गं?”

तो स्वयंपाकघरात धावला, तेच झाकण घेऊन आला आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या कानावर मारू लागला. एकदा, दोनदा... कानशिलातून रक्ताची धार लागली. ताई त्याच्या हाताला लोंबकळली.

“सोड! वेड्या, सोड ते! घरात दोन बहिरे झालो, तर एकमेकांना हाका कोण मारणार?”

झाकण फरशीवर गरगरत राहिलं. तो तिच्या पायांशी कोसळला. मग मान वर करून त्याने बायकोकडे पाहिलं. “दार नव्हतं. मी मारलं. भागात जो खण्ण आहे ना... तो ताईचा कान आहे.”

ज्यावर आपण हसलो, तो! भावजय भिंतीला टेकली.

“त्याच्या मनात नव्हतं गं,” ताई हात जोडून म्हणाली. “तुमचं घर मोडू नये म्हणून मी...”

“ताई, तुम्ही माझं घर नाही वाचवलंत.” भावजयीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण शब्द कापरे नव्हते. “तुम्ही त्याचा हात वाचवलात. उद्या तो हिच्यावर पडला असता.” तिने छकुलीला पोटाशी धरलं.

आयुष्यभर जिला त्याग समजून उराशी जपलं, ती गोष्ट पहिल्यांदाच ताईला परक्या वस्तूसारखी दिसली.

सकाळी चौघं कान तपासणीच्या दवाखान्यात बसली. भावजयीच्या पायाशी भरलेली बॅग होती. तिथून ती माहेरी जाणार होती, किती दिवसांसाठी ते तिने सांगितलं नव्हतं. पण तिचा हात ताईच्या हातात होता. ठोक्या डावीकडच्या खुर्चीवर काहीतरी पुटपुटत होता.

“इकडे उजवीकडे बस,” ताई म्हणाली. “तिकडून बोललास तर मला कळणार नाही.”

तो उठून उजवीकडे आला. “क्षमा कर म्हणत नाही गं,” तो म्हणाला. “फक्त खरं सांग. इथून पुढे माझ्यासाठी एकसुद्धा खोटं बोलू नकोस.”

तपासनीस बाईंनी विचारलं, “कसं झालं?” ताईचे ओठ सवयीनं हलले, “कपाटाचं...” आणि ती थांबली. “भावानं मारलं,” ती म्हणाली. ठोक्याने मान हलवली.

“कुजबुज तीस डेसिबल, साधं बोलणं साठ; ऐकू यायला जितका मोठा आवाज लागेल, तितका कानाचा आकडा मोठा,” बाई समजावत म्हणाल्या. “शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. अंदाजानं दाबू नका.”

काचेच्या खोलीत उजवा कान लगेच झाला. मग डावा. शांतता... नुसती शांतता. काचेपलीकडे ठोक्या डोळे मिटून, हात जोडून उभा होता. किती सोपं होतं! मघाच्याच तालात अंगठा दाबत गेलं असतं, तर त्याचा चेहरा उजळला असता. ताईचा अंगठा बटणावर टेकला. तिने तो हलू दिला नाही. ती वाट पाहत राहिली... फार वेळ, फार दूरवरून, पाण्याखालून यावी तशी एक शिट्टी आली, तेव्हाच तिने दाबलं.

बाईंनी आकडे वाचले. उजवा कान, पंधरा डेसिबल. डावा कान, पंच्याऐंशी.