भैयाजींचा तुकडा

पडद्यावर भैयाजींच्या नमुन्याची रेषा चढली. ती चढायलाच नको होती. नूपुरने बाकीच्या पुरुषांचे नमुने लावले. तीच रेषा, साऱ्यांची.

नागपूरच्या त्या संशोधन केंद्रात ती फेरतपासणीला आली होती. डॉ. गिरिधर यांचा दावा असा, की पोटाच्या कॅन्सरमध्ये एक लांबलचक आरएनए वाढतो. तो प्रथिन बनवत नाही, पण गाठीला पसरायला चिथावतो. त्याला दाबणारं औषध सोमवारी पहिल्यांदा ऋषी या रुग्णाला मिळणार होतं, चालू केमो थांबवून. भैयाजी हे ऋषीचे वडील, याच रोगाने गेलेले. त्याची आई यमुताई नरखेडहून येऊन बाहेर बाकावर बसल्या होत्या.

नूपुरने तंत्रज्ञ कामिनीला गाठलं.

"या नळ्या कोणी भरल्या?"

"सरनं. मे महिन्यात फ्रीझर बंद पडला न मॅडम, तवा मी बाळंतपणाले कन्हानले होती. वापस आली तं साऱ्या नळ्या नव्या. काहून?"

नूपुर तडक गिरिधर यांच्या खोलीत गेली.

"सर, नमुन्यांत भेसळ आहे."

ते हसले. "गोपिकाबाईंच्या गाठीचा तुकडा मोठा होता. त्याच्या अर्काचा थेंब उडाला असेल. एवढ्यासाठी सोमवार अडवू नका."

नूपुरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कामिनीला आणि यमुताईंना आत बोलावलं.

"मी तपासला तो आरएनए वेगळाच होता. तोही प्रथिन बनवत नाही, पण भरपूर सापडतो तो बायकांच्याच पेशींत. इथे प्रत्येक पुरुषाच्या नळीत सापडला. गाठीत आणि शेजारच्या निरोगी भागातही. थेंब उडून एवढं होत नाही. फ्रीझर बंद पडून आरएनए नासला, आणि तुम्ही एकाच बाईचा तुकडा साऱ्यांच्या नावाने वाटला. मी फक्त भेसळ म्हटलं होतं, बाईची म्हटलं नव्हतं. गोपिकाबाईंचं नाव तुम्ही घेतलंत."

"सगळं काम पाण्यात गेलं असतं," गिरिधर पुटपुटले.

"आणि ऋषी गेला असता तर? लाज वाटत नाही तुम्हाला?"

नूपुरने तिथूनच नैतिकता समितीला फोन करून औषधाची चाचणी थांबवली. यमुताई टेबलाजवळ आल्या.

"साहेब, आमच्या माणसाचा तुकडा कुठी हाय?"

"नासला होता. टाकून दिला."

"मंग दिवाळीले घरी येऊन तुमी काहून सांगतलं, का हे औषध त्याहीच्याच तुकड्यातून निघालं? त्याच बोलण्यावर माह्या ऋषीनं सही केली. म्हणे, आई, हे बाबानंच धाडलं."