शेळ्यांच्या खोपटातली नवरी

किटलीचं झाकण खुडखुडलं आणि तंबूतली दुपारची शांतता मोडली. सल्का टुणकन उठून बसली. पाच वर्षांची पोर, पण झोपेचं सोंग इतकं बेमालूम वठवते की मीही फसते.

"चहा झाला?"

"तुझा नाही. झोप."

"मग गोष्ट सांग. तू शेळ्यांत लपली होतीस ती."

म्हणजे सुएलमानं हिला सांगितलंच होतं... तिखटमीठ लावून. माझी जिवाभावाची मैत्रीण आहे, तिच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार? मी शेगडीतले निखारे बाजूला सारले आणि सगळं नीट, पहिल्यापासून सांगायला घेतलं.

तेव्हा मी वाळवंटातल्या आमच्या या निर्वासितांच्या छावणीच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचे. एका सकाळी दोन सैनिक तिसऱ्याला हाताला धरून घेऊन आले. त्याचे डोळे लालभडक, सुजलेले. आमची पोरं गाड्यांच्या पुढच्या काचा काढूनच टाकतात, कारण काच उन्हात चमकली की विमानाला लांबून दिसते. विमान चुकवता येतं, रेती नाही.

"नाव?"

"नाजेम. वाटाड्या आहे. माग काढतो, त्यामुळे सगळ्यांच्या पुढे मी."

"म्हणजे सगळी रेती आधी तुम्हीच खाता."

"मागच्यांना ठेवतो थोडी."

मी डोळे धुतले, पट्टी बांधली. "चार दिवस सोडायची नाही."

"आणि तुम्ही कशा दिसता ते कधी कळणार?"

"म्हातारी आहे मी. दात पडलेत."

"बरं झालं," तो शांतपणे म्हणाला. "तरुण मुलींची मला भीती वाटते."

चार दिवस तो तसाच बसून होता, आणि मी तोंड उघडायच्या आत ओळखायचा. "लेहदियाबाई, आज घाईत दिसताय." "कशावरून?" "डावा पाय जरा घासतोय."

पाचव्या दिवशी पट्टी सोडायची होती. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी नवाकोरा निळा मलहफा अंगभर लपेटून गेले होते. पट्टी सुटली... आणि हा माणूस माझ्या तोंडाकडे बघायचं सोडून खाली वाळूत बघत बसला. माझ्या अनवाणी पावलांच्या ठशांकडे.

"काही सांडलंय का?"

"नाही. खात्री करतोय. डावा अंगठा बाहेर पडतो तुमचा. ऐकताना वाटलंच होतं." मग सावकाश, पायांपासून वर येत येत, नजर माझ्या चेहऱ्यावर थांबली. बराच वेळ थांबली. "दात तर आहेत की."

पुढचं वर्षभर तो रजेवर आला, की नेमानं त्याच्या डोळ्यांत काहीतरी जायचं. शेवटी डॉक्टरच मला म्हणाले, "पोरी, याच्या डोळ्यांत गेलंय ते माझ्या औषधानं निघायचं नाही."

लग्नासाठी त्याला तीन दिवसांची रजा मिळाली.

आमच्यात लग्न लागलं की करवल्या नवरीला लपवतात आणि नवऱ्यानं तिला शोधायचं असतं. पूर्वी हे आठ-आठ दिवस चालायचं म्हणे. लढाईत लग्नंही आखूड झाली, आता एक दुपार. पण नियम तेच. सापडेपर्यंत नवरीनं नवऱ्यापुढे यायचं नाही. आणि नवरी आपणहून बाहेर आली, तर तिच्या उतावीळपणाची गाणी तिच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत गातात.

आता नवरा वाटाड्या. हरवलेला उंट तीन दिवसांनी हुडकून आणणारा. "त्याला जमिनीवर काही मिळताच कामा नये," सुएलमा म्हणाली. सकाळपासून सगळ्या पोरींनी एकमेकींच्या चपला घालून छावणीभर नुसत्या फेऱ्या मारल्या. आणि मला सुएलमानं चक्क पाठुंगळी घेऊन म्हाताऱ्या म्बारकामावशीच्या शेळ्यांच्या खोपटात नेऊन बसवलं. माझं एक पाऊल वाळूला लागलं नाही.

पत्र्याच्या फटीतून मी बघत होते. नाजेम वाकून वाकून चालला होता, मागे त्याचे दोस्त. एका तंबूत शिरून त्यानं मोठ्या ऐटीत गोधडी उचलली, तर आत त्याची सख्खी आत्या झोपलेली. तिनं त्याला चपलेनं पार विहिरीपर्यंत पिटाळलं. मला हसू आवरेना, एक शेळी माझा पदर चघळत होती तेही कळलं नाही.

आणि मग जीपचा भोंगा वाजला. लांब, तीनदा. मागोमाग कुणीतरी ओरडत गेलं, सगळ्यांच्या रजा रद्द, तुकडी आत्ताच निघतेय.

माझं हसू गेलं.

"बसून राहा," सुएलमानं माझा हात धरला. "बाहेर गेलीस तर जन्मभर चिडवतील."

"आणि तो मला न बघताच गेला तर?"

"चार-पाच महिन्यांनी येईलच की."

"आला तर."

सुएलमानं माझा हात सोडला. मागच्या महिन्यात दोन तंबू पलीकडचा एक जण लढाईवरून परत आलाच नव्हता.

मी चपला काढल्या. "मला परत पाठीवर घे."

"कुठे?"

"जीपकडे जाणाऱ्या वाटेपर्यंत. तिथे उतरव. तिथून मी चालत परत इथे येईन."

तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिनं मला उचललं आणि सगळी वाट पुटपुटत राहिली, "नवरी आहे की धान्याचं पोतं... लग्नातलं सगळं मटण एकटीनं खाल्लंस का..." बायका-पुरुष सगळे जीपकडे धावले होते. वाटेवर उतरून मी अनवाणी निघाले, ती खोपटापर्यंत. एकेक पाऊल दाबून. डावा अंगठा जरा जास्तच.

आत येऊन बसले आणि पत्र्याच्या फटीला डोळा लावला.

तो आला. खांद्यावर पडशी, मान खाली. दोन पावलं पुढे गेला... थांबला. उकिडवा बसला. वाळूला बोट लावलं.

"नाजेम, चल रे, गाडी निघतेय," दोस्त म्हणाला.

"पाणी भरेपर्यंत कुठे जातेय गाडी? माझं काहीतरी सापडतंय."

खोपटाचं दार उघडलं. तो आत, मी आत, अकरा शेळ्या आत.

"आपणहून बाहेर आली होतीस?" तो म्हणाला.

"कोण, मी? मी तर सकाळपासून इथेच आहे."

"मग ही पावलं?"

"शेळीची असतील."

"शेळी अनवाणी चालते खरी..." त्यानं पडशी खाली ठेवली. मग एकदम हळू म्हणाला, "लेहदिया, तिकडे दिवसभर मी जमिनीकडेच बघतो. परक्या पावलांकडे. निघताना हे एक पाऊल बघायला मिळालं, बास."

"बास कसं? परत यायचंय."

"येईन."

"मग मी वाटेवर अनवाणीच चालत जाईन. रोज."

"पायाला चटके बसतील."

"बसू देत. दवाखाना माझाच आहे."

तेवढ्यात सुएलमानं बाहेरून गजर केला आणि बघता बघता खोपटाभोवती सगळी छावणी गोळा झाली. दूध आलं, खजूर आले. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली, चपलेवाली आत्यासुद्धा. दूध पिता पिताच तो जीपमध्ये चढला. मी सगळ्यांसमोर त्याच्याकडे बघत उभी राहिले, आणि कुणीही मला काही म्हणालं नाही, कारण मी रीतसर सापडले होते.

साडेपाच महिन्यांनी तो आला.

सल्का हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. "आणि आता?"

"आता पुढच्या गुरुवारी यायचेत. रजा आहे."

"तिकडेही बाबा माग काढतात?"

"हो."

"लपलेल्या माणसांचा?"

"हो, राणी."

तिनं चटईवर बोटानं एक पाऊल काढलं, मग त्याच्यापुढे दुसरं.

"मग ती सापडली की तिथे पण सगळे हसतात का, आई?"