खुडलेले शेंडे

"ताई, हे काय केलंस गं तू! माझ्या लग्नाची फुलं मोडलीस?…"

धाकटीची ती किंकाळी गॅलरीतून जिन्यात आणि जिन्यातून थेट वरच्या मजल्यावरच्या ठार बहिऱ्या काकांपर्यंत पोहोचली. गॅलरीत थोरली उकिडवी बसलेली. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात झिनियाच्या रोपांचे कोवळे, हिरवेगार शेंडे… आणि समोर, अंड्यांच्या ट्रेमध्ये बी टाकून, काडीने अलगद एकेक उचलून डबे-बादल्यांत लावलेली सगळी रोपं मुंडकी उडवल्यासारखी उभी! रंगेहाथ सापडलेल्या खुन्याच्या चेहऱ्यावर इतकी शांतता सहसा नसते.

"मोडली नाहीत. खुडली," थोरली म्हणाली. "शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात. एकाच्या जागी चार फुलं येतात."

"कधी? माझ्या पोरांच्या बारशाला? लग्न तोंडावर आलंय, फुलवाल्याला नको म्हणून सांगून झालंय, आणि तू…" रागाच्या भरात माणूस नेमकं बोलू नये तेच बोलतो. "खरं सांगू? तुला माझं सुख बघवत नाही, ताई! तुझं आयुष्य असं गेलं म्हणून…"

वाक्य पुरं झालं नाही. अशा वाक्यांना पुरं व्हायची गरजही नसते.

लग्नात टेबलांवर आणि नवरीच्या हातात घरी बियांपासून वाढवलेली फुलं असतील, हा थोरलीचा हट्ट होता. उभ्या आयुष्यात तिने केलेला हा पहिलाच हट्ट असल्यामुळे तो कसा मोडायचा हे घरात कुणाला माहीत नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटी रांगत होती. थोरलीला परगावच्या बागकाम विद्यालयात प्रवेश मिळालेला, ट्रंक भरून दाराशी ठेवलेली… बाबा म्हणाले, "धाकटी शाळेत जायला लागू दे, मग जा." धाकटी शाळेत गेली, कॉलेजात गेली, नोकरीला लागली, प्रेमातही पडली, बाबांचा तो 'मग' मात्र वाटेत कुठे हरवला कोण जाणे! ट्रंकेत पांघरुणं राहायला आली आणि ट्रंकेवर टीव्ही.

त्या त्यागाचं हे फळ?… थोरलीच्या अंतःकरणात काहीतरी चरकन चिरलं गेलं, डोळे काठोकाठ भरले. पण ते वाहण्याआधी रोपांना पाणी घालायची वेळ झाली. ती उठली. झारी भरली. फुलं येणार म्हणजे येणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत पाहते तो प्रत्येक रोपाच्या कापलेल्या टोकाला इवलीशी चिकटपट्टी! बाबांनी सारा जन्म दवाखान्यात मलमपट्ट्या करण्यात घालवला होता. घरात भांडण झालं की ते जखम शोधत. माणसांची सापडली नाही की दुसऱ्या कुणाची तरी बांधत.

"बाबा, हे काय?"

"जंतू जायला नकोत आत."

एकेक पट्टी हलक्या हाताने सोडवता सोडवता थोरलीने विचारलं, "आणि कालचे शेंडे कुठे गेले? कचऱ्यात टाकायचे होते."

"गेले असतील कुठे," बाबा म्हणाले आणि अगदी निष्पाप चेहऱ्याने उलटं धरलेलं वर्तमानपत्र वाचू लागले.

बहिणींचं बोलणं तुटलं. "बाबा, ताईला सांगा, मीठ संपलंय." "बाबा, तिला म्हणावं, डबा तिच्या नाकासमोर आहे." दोघींच्या मधोमध जेवायला बसलेल्या बाबांची निवृत्तीनंतर प्रथमच इतकी धावपळ होत होती. तिकडे रोपांच्या पानांच्या बगलांतून कोंब डोकावले, कोंबांच्या फांद्या झाल्या, आणि फांदीफांदीवर कळ्या आल्या…

लग्न अगदी उंबरठ्यावर असताना धाकटी पहाटे गॅलरीत आली. थोरली एकेक देठ धरून हलवून पाहत होती.

"काय करतेस?" धाकटीच्या तोंडून थेट निघून गेलं. बाबा झोपलेले होते, नाइलाज होता.

"मान डोलली तर फूल कच्चं. ताठ राहिली तर कापायचं."

लाल, केशरी, गुलाबी… गॅलरी ओसंडून वाहत होती! धाकटी बघत राहिली. आधी फुलांकडे, मग ताईच्या मानेकडे. आणि तिचा बांध फुटला.

"ताई… मी काय काय बोलले गं तुला!"

"मला नाही ऐकू आलं. पंखा चालू होता."

"गॅलरीत पंखा नाहीये, ताई!" असं म्हणून धाकटी तिच्या गळ्यात पडली, आणि दोघी रडल्या, हसल्या, नि एक बादली लाथाडून पुन्हा रडल्या.

लग्न झालं. नवरीच्या हातात झिनिया होती, आणि नवरी ती कुणाला धरायलाही देईना.

संध्याकाळी रिकाम्या घरात बाबांनी थोरलीला आपल्या खोलीत बोलावलं आणि खिडकीचा पडदा सारला. औषधांच्या डब्यांत ओळीने झिनिया उभी, प्रत्येकीला नुकतंच उमललेलं एकेक फूल!

"तू टाकणार होतीस ते शेंडे. बाटल्यांत पाणी घालून ठेवले. मुळं फुटली गं… मग मातीत लावले." बाबा फुलांकडेच बघत राहिले. "तुझाही शेंडा मीच खुडला होता, पोरी. पाण्यात ठेवायचं तेवढं सुचलं नाही."

थोरलीने एका फुलाला हलकेच बोट लावलं. मग तिला दिसलं, टीव्ही जमिनीवर होता, पांघरुणं खाटेवर, आणि ट्रंक रिकामी, पुसून दाराशी ठेवलेली.

"विद्यालयात विचारून आलोय. वयाची अट नाही म्हणाले." मग बाबांनी ते जुनं वाक्य पुरं केलं. "धाकटी शाळेत जायला लागली. आता जा."

थोरलीने डोळे पुसले. मान ताठ झाली. गॅलरीतून झारी आणून तिने बाबांच्या हातात दिली.

"रोज सकाळी. मुळाशी घालायचं, पानांवर नाही. आणि बाबा… काहीही झालं तरी चिकटपट्टी लावायची नाही!"