आणि बाकीचे सगळे

झोंब्याच्या त्या छोट्या रेडिओ स्टेशनवर रोज दुपारी बारा वाजता मृत्यूच्या बातम्या वाचल्या जायच्या. बातमीत जिवंतांची नावं आधी येत आणि मेलेल्याचं सगळ्यात शेवटी. त्या वाचणाऱ्या म्हाताऱ्या बाम्बो चिंगवालूंची ही चाळीस वर्षांची पद्धत होती. "मेलेल्याचं नाव आधी घेतलं की घरात रडारड सुरू होते," ते म्हणायचे. "मग कुणाला बोलावलंय ते कुणाला ऐकूच जात नाही." म्हणून लांबून येणारे आधी, जवळचे नंतर, खुद्द घरातले शेवटी आणि त्यानंतर मयत. तोवर गावोगावी माणसं रेडिओला कान लावून श्वास धरून बसत.

यांखोला हा निव्वळ म्हाताऱ्यांचा छळवाद वाटायचा. पण पद्धतीला हात लावायचा नाही, असं मॅनेजरनं बजावलं होतं. ती कॉलेजातून कॉम्प्युटर शिकून आली होती आणि बातम्यांचा प्रोग्राम तिनंच लिहिला होता. खिडकीवर बसणारी एनलेस लोकांकडून बातम्या घेऊन फाईलमध्ये भरायची. फाईलमध्ये प्रत्येक गोष्टीला एक उघडणारी खूण असे आणि एक बंद करणारी. बातमी उघडली, नातेवाईक उघडला, नाव, नातेवाईक बंद. असं करत शेवटी मयत उघडला, नाव, मयत बंद आणि बातमी बंद. प्रोग्राम ही फाईल वरून खाली वाचत जायचा. पुढचं त्याला दिसत नसे, मागचं, कोणती खूण उघडी आहे एवढं सोडलं तर, आठवत नसे. तो फक्त हाक द्यायचा, हे उघडलं, हे सापडलं, हे बंद झालं. त्या प्रत्येक हाकेवर काय करायचं ते यांखोनं ठरवून दिलेलं होतं. बातमी उघडली की ढोल. नाव बंद झालं की ते काचेपलीकडे बाम्बोंच्या स्क्रीनवर. बातमी बंद झाली की पुन्हा ढोल. नाव लांब असलं तर प्रोग्राम ते तुकड्यातुकड्यानं देत असे, म्हणून तिनं तुकडे साठवून ठेवायची सोय केली होती. बाम्बोंना पुरं नावच दिसायचं. तुकडे फक्त तिच्या स्क्रीनवर दिसायचे.

सोमवारी तिनं एक काम केलं होतं. प्रत्येक बातमीच्या शेवटी, ढोलाच्या आधी, बाम्बोंच्या स्क्रीनवर तीन शब्द यायचे आणि ते म्हणायचे, "आणि बाकीचे सगळे." रोज अकरा-बारा बातम्या, तितक्याच वेळा तेच शब्द. साडेबाराच्या बातम्यांना उशीर व्हायचा. यांखोनं ते शब्द प्रोग्राममधून काढून टाकले.

"कुणासाठी म्हणता ते, बाम्बो? ज्यांना बोलवायचं त्यांची नावं तर वाचून झालेली असतात."

"ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत त्यांच्यासाठी."

"म्हणजे कोण?"

म्हाताऱ्यानं चष्मा पुसला. "मलाही नावं माहीत नाहीत पोरी. सांगितलं ना आत्ताच."

मंगळवारपासून फोन येऊ लागले. आम्हाला का बोलावलं नाही, असं म्हणायचे आणि नाव विचारलं की ठेवून द्यायचे. बुधवारी असे नऊ फोन आले. यांखो मनातल्या मनात हसली. बाम्बोंच्या चर्चमध्ये रिकामटेकडे म्हातारे काय कमी होते? तीन शब्दांसाठी एवढा खटाटोप! तिनं एनलेसला सांगून ठेवलं, "पुढचा फोन आला की नंबर टिपून घे. एकेकाला सरळ करते."

"नंबर दिसतच नाही गं," एनलेस म्हणाली.

गुरुवारी सकाळपासून डोंगरावरून धुकं उतरलं होतं. गार, भुरभुरत्या पावसाची चिपेरोनी, न थांबणारी. खिडकीतून ओल्या निलगिरीचा आणि कोळशाच्या धुराचा वास येत होता. यांखोनं फाईल उघडून पाहिली. अकरा बातम्या होत्या. अर्ध्या तासात संपतील, मग बाजारातून आईसाठी सुकी मासळी घ्यायची आणि चारची मिनीबस धरायची, एवढाच तिचा बेत होता. तिनं फाईल प्रोग्रामला दिली आणि हेडफोन लावले.

अकरा बातम्या नीट वाचून झाल्या. अकराव्यानंतर बंद होण्याचा ढोल वाजला. बाम्बोंनी पाण्याचा ग्लास उचलला.

आणि पुन्हा ढोल वाजला. उघडण्याचा.

यांखोनं स्क्रीनकडे पाहिलं. ‘बातमी उघडली.’ बाम्बोंनी ग्लास खाली ठेवला आणि समोर आलेलं नाव वाचलं. "बलाक्याचे फ्रॅक्सन चिकोपा."

हे तिच्या मामाचं नाव होतं.

ती उठून खिडकीपाशी गेली. "एनलेस, बारावी बातमी कुणी दिली?"

"बारावी? अकराच आहेत. का गं?"

"माझ्या मालुमेचं नाव वाचताहेत आत."

एनलेसनं समोरचे कागद चाळले. मग हळूच म्हणाली, "मी नाही हं दिलं..."

यांखो परत फिरली. तिनं फाईल बाजूला उघडून पाहिली. अकरा बातम्या, शेवटची बंद करणारी खूण जागेवर. त्याखाली काही नाही. तरी प्रोग्राम वाचतच होता. बाम्बोंचा जुना, खर्जातला आवाज हेडफोनमधून आला. "न्चेऊच्या मायी फालेसी मसांजाला."

मावशी.

कुणीतरी बाहेरून तारेतून घालतंय हे, तिला वाटलं. नोकरीच्या अर्जात तिनं घरच्यांची नावं लिहिली होती, तो कागद ऑफिसात कुणीही पाहू शकत होतं. बाम्बो तिच्या आईला चर्चमुळे वीस वर्षं ओळखत होते. मग अवघड काय होतं? तिनं वाकून कॉम्प्युटरची नेटची तार उपटली आणि टेबलावर आपटली.

"जोनीला असलेले लिंबानी मतावाली."

कामासाठी परदेशी गेलेला तिचा भाऊ. तार टेबलावर पडलेली होती.

तिनं काचेवर थापा मारल्या. थांबा, अशी खूण केली. बाम्बोंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. चाळीस वर्षांत त्यांनी एकही बातमी अर्ध्यावर सोडली नव्हती.

मग यांखोनं नावं बोटांवर मोजली. नावं तिच्या घरची होती. लांबचे आधी, घरातले शेवटी, त्यानंतर मयत. ज्याचं नाव नातेवाइकांत येईल तो जिवंत. मामा आला, मावशी आली, लिंबानी आला. बाबा जाऊन वर्षं झाली होती. धाकटी बहीण राहिली होती. आणि आई.

तिनं आईला फोन लावला. रिंग जात होती. सोंगानीच्या त्या दोन खोल्यांत, पत्र्याखाली, टेबलावर वाजत असेल. कुणी उचलत नव्हतं.

"मुलांजेच्या शाळेतली तियामिके मतावाली," बाम्बो म्हणाले.

बहीण जिवंत होती. यांखो दोन्ही हातांनी टेबल धरून उभी राहिली. फोन वाजून वाजून बंद झाला. तिनं पुन्हा लावला. स्क्रीनवर काहीच येत नव्हतं. सकाळी चहा देताना आई खोकत होती का? हात गार होते का तिचे? यांखोनं पाहिलंच नव्हतं. ती घाईत होती.

‘नातेवाईक उघडला.’

"सोंगानीच्या मायी इलायझा मतावाली."

आई जिवंत होती. यांखो खुर्चीत कोसळली आणि हसली, मोठ्यानं, एकटीच. मग तिचं हसू थांबलं. आता घरातलं एकच नाव उरलं होतं.

‘मयत उघडला,’ स्क्रीनवर आलं. त्याखाली पहिला तुकडा आला. ‘मतावाली.’

नुसतं आडनाव; मयताचं तेच आधी लिहीत. पुढचा तुकडा अजून यायचा होता.

काचेपलीकडे बाम्बो गप्प बसले होते. त्यांना काही दिसत नव्हतं, पुरं नाव झाल्याशिवाय दिसणारही नव्हतं. रेडिओवर शांतता होती आणि सगळा जिल्हा ती शांतता ऐकत होता. यांखोचं बोट प्रोग्राम मारून टाकायच्या बटणावर गेलं. तेवढ्यात आतल्या फोनवर त्यांचा आवाज आला, माइक बंद करून, अगदी हळू.

"मधेच तोडू नकोस. बोलावणं झालंय, माणसं निघालीत. कुणासाठी ते सांगितलं नाही, तर ते बोलावणं... माणूस शोधत फिरतं."

"हे तुम्ही केलंय," ती म्हणाली. "तीन शब्दांसाठी तुम्ही माझ्या आख्ख्या घराला... लाज नाही वाटत?"

"तू समोर आणतेस तेवढंच मी वाचतो."

"मग म्हणा की तुमचे ते शब्द! कुणी अडवलंय?"

"सोमवारपासून म्हणतोय. रोज." ते थांबले. "काट्याकडे बघ."

त्यांनी माइक चालू केला. त्यांचे ओठ हलले, यांखोला काचेतून स्वच्छ दिसले, तेच तीन शब्द. आवाजाचा काटा तळाशी पडून राहिला. हेडफोनमध्ये काहीच आलं नाही, श्वाससुद्धा नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, मानेच्या शिरा ताणून. काटा हलला नाही. मग ते खोकले, आणि खोकल्यावर काटा टुणकन वर गेला.

"तू काढून घेतलेस ते," आतल्या फोनवर ते म्हणाले. "तूच परत दे..."

स्क्रीनवर ‘मतावाली’च्या पुढे कर्सर लुकलुकत होता.

बाम्बोंना निरोप द्यायला एक चौकट होती, माइक जवळ घ्या, वेळ संपली, असलं काही कळवायला. यांखोनं त्यात लिहिलं. बोटं दोनदा घसरली. तिसऱ्यांदा शब्द नीट बसले आणि तिनं पाठवले. बाम्बोंनी ते स्क्रीनवर पाहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "आणि बाकीचे सगळे."

काटा वर गेला. ढोल वाजला. ‘बातमी बंद झाली.’

यांखो किती तरी वेळ त्या ओळीकडे बघत होती. आतली खूण बंद झाल्याशिवाय बाहेरची बंद होऊच शकत नाही. झाली, तर प्रोग्राम चूक म्हणून तिथल्या तिथे थांबतो. तो पहिला नियम. इथं मयत उघडाच होता, बातमी बंद झाली होती आणि प्रोग्रामनं चकार शब्द काढला नव्हता.

मासळी घ्यायचं तिला सुचलं नाही. चारच्या मिनीबसनं ती सोंगानीला पोचली तेव्हा पाच वाजले होते आणि धुक्यात अजून बराच उजेड होता. अंगणात माणसंच माणसं. बलाक्याहून मामा आले होते, न्चेऊहून मावशी मक्याच्या पिठाची पिशवी डोक्यावर घेऊन. लिंबानीचा जोनीहून चार वेळा फोन येऊन गेला होता. आणि आई दारात उभी होती, कमरेवर हात, संतापलेली.

"काय चावटपणा आहे हा तुमच्या रेडिओचा? मी विहिरीवरून पाणी घेऊन येते तर हा माझा भाऊ माझ्याच दारात गळा काढून उभा!"

"मला काय माहीत?" मामा नाक ओढत म्हणाले. "नाव सांगितलंच नाही त्यांनी. मिनीबसमध्ये बसून एकेकाचा विचार करत आलो. सगळ्यांसाठी रडून झालं माझं."

सगळे हसले. यांखो आईच्या गळ्यात पडली. आईनं तिला दूर केलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा जवळ घेतलं.

आलेल्यांना उपाशी कसं पाठवायचं, म्हणून मावशीनं आणलेल्या पिठाची घट्ट न्सिमा शिजवायला घेतली. यांखो ताटं नेऊ लागली. बारा ताटं, मग वीस, मग शेजारच्यांची मागून आणलेली. आंब्याखाली चटयांवर बरीच म्हातारी माणसं बसली होती. गुडघे जवळ घेऊन, भिजलेली, गप्प.

"ही मालुमेंच्या गावची का?" तिनं मावशीला विचारलं.

"मला वाटलं तुझ्या बाबांच्या बाजूची."

मामांना वाटलं होतं चर्चची. कुणी विचारलं नव्हतं. मयताला आलेल्या माणसाला तू कुणाचा कोण, असं विचारत नाहीत.

"त्यांना सांगा ना, कुणी गेलेलं नाही म्हणून."

"सांगितलं," मावशी म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "दोनदा सांगितलं. म्हणतात, आम्ही थांबतो." तिनं चुलीशेजारच्या ताटांकडे पाहिलं. आंब्याखालून परत आलेली सगळी ताटं तशीच होती, भरलेली, वर पापुद्रा धरलेली.

फोन वाजला. एनलेस.

"यांखो, मी कुलूप लावून निघाले होते गं. तुझा कॉम्प्युटर मी स्वतः बंद केला, तार पण काढली, शप्पथ. तर आत उजेड दिसला म्हणून..." तिला धाप लागली होती. "तुझ्या स्क्रीनवर मघाशी नुसतं आडनाव होतं ना? आता त्याच्यापुढे आणखी काहीतरी आलंय. आणि खाली लिहिलंय, मयत बंद झाला. वाचू का?"

आंब्याखाली, अगदी पुढच्या चटईवर बसलेल्या म्हातारीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग तिनं आपलं ओलं लुगडं सावरलं, थोडी बाजूला सरकली आणि शेजारी एका माणसापुरती जागा करून ती हातानं पुसली.