वसंत अंकातली गाळलेली ओळ

बंद गिरणीच्या धुराड्याखाली एक अनोळखी माणूस मान वर करून उभा होता आणि त्याचा हात लोखंडी शिडीवर होता. ते पाहिलं मात्र, ती आणखी जोरात धावू लागली.

पक्षिमित्र मंडळाच्या वसंत अंकाची संपादक तीच. घरट्याचा पत्ता छापायचा नाही, हा नियम सगळ्यांना पढवणारीही तीच. पण यंदा ससाण्यांची जोडी परतली, तीन अंडी दिसली आणि आनंदाच्या भरात बाईसाहेब लिहून बसल्या – 'जुन्या गिरणीच्या धुराड्यावर'! अंक आजच छापून वाटला जाणार होता. चूक ध्यानात आली ती शिकवते त्या शाळेत, मधल्या सुट्टीत, आणि फोन नेमका घरी राहिलेला, म्हणून ती थेट गिरणीकडेच धावली. गेल्या वर्षी याच जोडीची अंडी कुणीतरी चोरली होती. मादी आठवडाभर रिकाम्या घरट्यावर बसून होती. ते आठवून धावताना तिला रडू फुटत होतं.

"हात काढा शिडीवरून," ती कशीबशी म्हणाली. "मी... मी ओरडेन हं."

"ओरडू नका. वर ती बसलीय."

हा आवाज! चार वर्षं दर वसंतात फोनवर ऐकलेला, एकेका स्वल्पविरामावरून तासभर वाद घालणारा.

"तुम्ही... छापखाना?"

"छापखाना तिकडेच आहे. मी नुसता माणूस," तो हसला. "पत्ता वाचला आणि छपाई थांबवली. सात फोन केले तुम्हाला. पण नमुन्याच्या चार प्रती कालच बाहेर गेल्यात. म्हणून शिडीभोवतीच्या जाळीच्या दाराला कुलूप लावायला आलो."

चार प्रती बाहेर! कुलूप असं कितीसं टिकणार?

"ती ओळ गाळलीय," तो हळूच म्हणाला. "जागा रिकामी आहे. काय घालू?"

"लिहा... घरट्यावर दोन माणसांचा पहारा आहे."

"दोन?"

"तुम्हाला जमणार नसेल तर –"

"पिल्लं उडायला किती दिवस लागतात?"

"अडीच महिने."

"कमी पडतील." तो आता तिच्याकडे बघत होता. "चार वर्षांचं बोलायचं राहिलंय माझं. स्वल्पविराम सोडून."

कुलपाला दोन किल्ल्या होत्या. त्यातली एक त्याने पुढे केली. तिने ती घेतली.