मंगळीच्या घराचा ओटा

ही घटना खरी आहे. सुगंधाने ती आजवर तिघांनाच सांगितली. तिन्ही वेळा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही.

तारीख २५ जानेवारी २०२४, गुरुवार. सफाळ्याच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा आहे. तिथली ही गोष्ट.

सुगंधा आणि इंद्रजीत मूळचे साताऱ्याकडचे. तो तारापूरच्या एका कारखान्यात कामाला, घर सरावलीला. पदरात सहा वर्षांची तेजल.

लागून सुट्ट्या आल्या आणि दोन जागांवर गाडी अडली. केळव्याला नारळाच्या वाडीतली खोली, की सफाळ्याकडचं जंगलातलं कॉटेज?

"समुद्र सोडून डोंगरात? डोंगर काय गावाला कमी बघितले?" इंद्रजीत म्हणाला.

"आणि ही लाटेमागे पळाली म्हणजे? तुम्ही काय, भजी खात बसाल किनाऱ्यावर."

तेजल कुणाचं ऐकणारी नव्हती. जंगलात पोर निदान नजरेसमोर राहील, असं सुगंधाला वाटलं.

तिचंच चाललं.

पहिली पाळी सुटल्यावर ते मोटरसायकलने निघाले. पोचेपर्यंत साडेपाच झाले. कॉटेज सांभाळायला जानू होता, पन्नाशीचा. समोरच पाडा. कुडाची नऊ घरं.

नऊही घरांना कुलपं.

"माणसं कुठे गेली सगळी?" सुगंधाने विचारलं.

"भट्टीवर. दिवाळी झाली का विटा पाडायला जातात. पावसाच्या तोंडावर येतील. मी नि हा कुत्रा, दोघंच हाय इथं."

"भुतंबितं तर नाहीत ना, जानूभाऊ?" इंद्रजीत हसला.

जानू हसला नाही.

"पोरीला तिकडं धाडू नका," एवढंच म्हणाला.

दिवस मावळला तसा पाड्याकडून आवाज येऊ लागला.

खर्र... खर्र... खर्र...

कुणीतरी खराट्याने अंगण झाडत होतं.

"जानूभाऊ असतील," इंद्रजीत म्हणाला.

सुगंधाने मागे वळून पाहिलं. जानू चुलीपुढे भाकरी थापत होता. त्याचे हात थांबले होते.

कुत्रा भुंकला नाही. पायांत तोंड खुपसून पडून राहिला.

तिने दाराला आतून कडी घातली. तेजलला दोघांच्या मध्ये झोपवलं.

सकाळी पावणेसातला जाग आली...

मधली जागा रिकामी होती.

कडी काढलेली. दार सताड उघडं.

सुगंधा अनवाणी धावली. पहिलं घर, दुसरं, तिसरं. सगळ्या अंगणांत महिन्यांचा पालापाचोळा.

शेवटचं अंगण मात्र स्वच्छ होतं. शेणाने सारवलेलं. अजून ओलं...

ओट्यावर तेजल बसली होती.

रात्री तिचे केस मोकळे होते. आता दोन घट्ट वेण्या होत्या. तेल कानामागे ओघळत होतं. ओठाला भाताचं शीत.

"कुणी घातल्या वेण्या?"

"मावशीने. भात पण दिला."

सुगंधाने दाराकडे पाहिलं. गंजलेलं कुलूप. कुलपावर कोळ्याचं जाळं, न तुटलेलं.

तिने पोरीला उचललं, वळली... आणि जागीच थबकली.

ओल्या सारवणावर पावलं उमटली होती. फक्त तिची स्वतःची. तेजलची नव्हतीच.

मागून इंद्रजीत आणि जानू धावत आले. जानूने ते पाहिलं.

"हे मंगळीचं घर. माझी भावजय. ती भट्टीवर हाय," असं पुटपुटत त्याने फोन लावला आणि सुगंधाच्या हातात दिला.

"मंगळीताई, तुमच्या घरी कोण आहे?"

पलीकडे ट्रॅक्टरची घरघर. मग मंगळीचा आवाज आला.

"पोरीला आत नेलं का वो? का ओट्यावरच बसवलं?"

पोर गेली होती, हे मंगळीला अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

सुगंधाने जे पाहिलं तेच सांगितलं. "ओट्यावर. दाराला कुलूप आहे."

"मग घेऊन जा तिला. ओट्यावर बसवलं तं काय नाय."

फोन बंद झाला.

दहा मिनिटांत त्यांनी बॅगा भरल्या. सफाळ्यात एका टपरीवर चहाला थांबले. तेजल बिस्कीट खात होती.

"आई, आपल्याकडे चूल का नाही?"

"आपल्याकडे गॅस आहे ना, बाळा."

"मावशीकडे आहे. आतल्या खोलीत."

सुगंधाचा कप तोंडाशीच थांबला.

"तिथे दोन मुली झोपल्या होत्या," तेजल म्हणाली. "माझ्याएवढ्या. मी हाका मारल्या, तरी उठल्याच नाहीत. मावशी म्हणाली, राहू दे, त्या नाही उठणार."

सुगंधाने तिथूनच जानूला फोन केला. मंगळीला परत विचारा म्हणाली. मंगळीचा फोन बंद होता.

मे महिन्याच्या शेवटी जानूचाच फोन आला. मंगळी घरी आलीय, बोलायचंय का?

सुगंधाला एकच गोष्ट विचारायची होती. आत नेलं असेल, तर काय?

"नंतर करते," म्हणाली आणि फोन ठेवला. तो नंतरचा फोन तिने अजून केलेला नाही.

तेजल आता तिसरीत आहे. ठणठणीत आहे. डॉक्टरांनाही दोनदा दाखवून झालं.

पण शाळेसाठी तिला उठवायचं म्हटलं की सुगंधा अंथरुणाशी बसते. एक हाक मारते. आणि पोर डोळे उघडेपर्यंत दुसरी हाक मारायची तिची हिंमत होत नाही.