मार्क खाणारी भिंत

"तीन हजार पन्नास!" श्रीरंग ओरडला. "रूथ, आणखी खाली गेले!"

तिसऱ्या मजल्यावरची रूथ गायकवाड श्रीरंगच्याच वर्गात, आठवीत होती. ती धावत स्क्रीनपाशी आली. "असं कसं यार? काल सकाळी सहा हजार ऐंशी होते ना!"

बेंचमार्क म्हणजे कॉम्प्युटरची परीक्षाच. तो प्रोग्रॅम मशीनकडून भराभर गणितं सोडवून घ्यायचा, चित्रं काढून घ्यायचा आणि शेवटी मार्क द्यायचा. जुन्या मशीनला एकतीसशे मिळायचे. बाबांनी रॅम दुप्पट करून दिली, तेव्हा जेमतेम दोनशे वाढले. मग परवा संध्याकाळी नवा प्रोसेसर बसला आणि आकडा थेट सहा हजारांपार! आणि आज? आज जुन्या प्रोसेसरपेक्षाही कमी!

"दुकानदाराने फसवलं," दहा वर्षांच्या वासंतीने निकाल देऊन टाकला.

"मग काल सकाळचे सहा हजार कुठून आले?" श्रीरंगने बहिणीला विचारलं. "हे तापमान बघ. अठ्ठ्याण्णव! प्रोसेसर इतका तापला की जळू नये म्हणून स्वतःच हळू चालतो."

"दिल्लीत जूनमध्ये सगळंच तापतं, दादा."

"जून हॉलमध्येही आहेच की! चलो, उचला मशीन!"

हॉलमध्ये अण्णासाहेब, म्हणजे मुलांचे आजोबा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पाय स्टुलावर ठेवून पेपर वाचत होते. त्यांच्या शेजारीच मशीन मांडून श्रीरंगने परीक्षा घेतली. सहा हजार शंभर! मशीन तेच, दुपार तीच. पुन्हा खोलीच्या कोपऱ्यात नेलं, तर एकोणतीसशे.

"म्हणजे दोष मशीनचा नाहीच," रूथ हळूच म्हणाली. "कोपऱ्याचा आहे."

वासंती वायर काढायला टेबलामागे शिरली आणि किंचाळली. "आई गं! दादा, भिंत भाजतेय!"

श्रीरंगने तळवा टेकवला आणि झटकन मागे घेतला. ही उत्तरेची भिंत. तिच्यावर कधी ऊन पडत नव्हतं. त्यांचं घर तळमजल्यावर. भिंतीपलीकडे सोसायटीचा जिना, आणि जिन्याखाली...

"मीटर रूम!" तो ओरडला.

तिघं बाहेर धावले. मयूर विहारच्या त्या चार मजली इमारतीत एकच जिना होता आणि मीटर रूमच्या दाराला भलं मोठं कुलूप. श्रीरंगने वरच्या जाळीला नाक लावलं. जळक्या रबराचा वास! आत काहीतरी तडतडत होतं.

किल्ली होती दुसऱ्या मजल्यावरच्या भालचंद्रकाकांकडे. काका सोसायटीचे सेक्रेटरी. गणपतीच्या मंडपाचे पडदे आणि थर्माकोल त्यांनी त्याच खोलीत कोंबले होते.

"काका, मीटर रूममधून जळका वास येतोय! आमची भिंत तापलीय!"

"जूनमध्ये भिंती थंड असतात का? मॅच चालू आहे. पळा!"

दार आपटलं. रूथने पुन्हा बेल वाजवली. या वेळी काकांनी दार उघडलंच नाही, आतूनच खेकसले.

"रूथ, तू वीज कंपनीच्या इमर्जन्सीला फोन लाव," श्रीरंग म्हणाला. "मी अण्णांना बाहेर काढतो."

अण्णांनी पेपर बाजूला टाकला. वॉकर घेतला आणि निघाले. एक पाऊल, थांबायचं. दुसरं पाऊल, थांबायचं. दारापासून फाटकापर्यंतचं अंतर श्रीरंगला कधी एवढं लांब वाटलं नव्हतं. जिन्यापाशी जाळीतून धुराची बारीक रेघ बाहेर येताना त्याने पाहिली. त्याने अण्णांचा दंड आणखी घट्ट धरला.

"कंपनीची जीप निघालीय, दहा मिनिटं लागतील," रूथ धापा टाकत म्हणाली. "वरच्या सगळ्यांना मी उठवते!"

"मी किल्ली आणते!" म्हणत वासंती जिना चढून गेली. काकांच्या दाराशी ती मुद्दामच ओरडली, "काका! तुमच्या मीटरचा लाल दिवा कसला भराभरा उघडझाप करतोय! दुप्पट बिल येणार तुम्हाला, बिल!"

दार फाडकन उघडलं. एका पायात चप्पल, हातात किल्ल्यांचा जुडगा, काका धडधडत खाली आले आणि कुलूप उघडलं.

भपकन काळा धूर बाहेर आला! केबलच्या जोडातून ठिणग्या उडत होत्या आणि खालच्या पडद्याची कड पेटली होती. काका नळाखालच्या बादलीकडे झेपावले.

"पाणी नको!" श्रीरंगने बादलीच धरली. "शॉक लागेल! वाळू!"

फाटकावरचा चौकीदार भिंतीवरच्या वाळूच्या बादल्या घेऊन धावत आला. त्याने लांबूनच वाळू फेकली आणि कोरड्या बांबूने पेटता पडदा बाहेर ओढला. रूथ माणसांना बाहेर आणत होती. तोंडावर ओढणी धरून, लहान मुलं कडेवर घेऊन सगळे फाटकाकडे पळत होते. तेवढ्यात जीप आली. लाइनमनने खांबावरूनच वीज तोडली आणि तडतड थांबली.

"पुराना जोड़ है, ऊपर से नए एसी का लोड," तो घाम पुसत म्हणाला. "दस मिनट और होते, तो पूरी सीढ़ी में धुआँ भर जाता। पकड़ा किसने?"

श्रीरंगने दोघींकडे आणि स्वतःकडे बोट दाखवलं. "कंप्यूटर के नंबर कम आ रहे थे, अंकल."



संध्याकाळी आई-बाबा मेट्रोने घरी आले, तेव्हा सगळी सोसायटी आवारात बसली होती. नवी केबल पडेपर्यंत वीज नव्हती. भालचंद्रकाका उभे राहिले. दुसरी चप्पल अजूनही त्यांच्या पायात नव्हती.

"मुलं मला सांगायला आली होती," ते म्हणाले. "मी दार लावून घेतलं. ते पडदेही मीच तिथे ठेवले. चूक माझी आहे." त्यांनी मुलांकडे हात केला. "आज आपण सगळे इथे बसलोय, ते या तिघांमुळे."

अण्णासाहेब वॉकरचा आधार घेऊन उठले आणि टाळ्या वाजवू लागले. मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. बाबांनी श्रीरंगला जवळ ओढलं. रूथची आई रूथचे केस नुसती कुरवाळत राहिली.

"दादा," वासंती कुजबुजली, "काका रडतायत का?"

"गप. तूही वाजव," श्रीरंग म्हणाला आणि काकांकडे बघत जोरजोरात टाळ्या वाजवू लागला.